दाबणारी मावशी

माझा कोपर तिच्या पोटात रुतलेला होता आणि आत काहीतरी फाटलं. आवाज आला नाही. हाताला कळलं. ताणलेलं जाळं एखाद्या गाठीवर सुटतं तेव्हा मुठीला कळतं, तसं.

मी स्टुलावर चढले होते. डावा हात टेबलाच्या दांडीला. उजवा कोपर तिच्या बरगड्यांच्या खाली. अंगाचं सगळं वजन त्या कोपरावर. तिच्या पायांशी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मान वर न करता मला म्हणाल्या, "जोर लाव ना गं. म्हशीसारखी वाढलीयेस ती कशाला?"

आणि तिला म्हणाल्या, "ओरडायचं नाही. नवऱ्याजवळ झोपताना ओरडलीस का?"

तिचं नाव काजल. वय तेवीस. दिव्याहून आलेली. तिने माझा पदर मुठीत धरला होता. सोडत नव्हती. "मावशी, नको. मावशी, टाक्यावर जळतंय. आतून जळतंय."

मी तिच्या मांडीवर थप्पड मारली. "खाली जोर कर, वर नको," असं ओरडले. पुन्हा दाबलं.

मग फाटलं.

ती एकदम गप्प झाली. नव्या माणसाला वाटेल, बरं झालं, दुखायचं थांबलं. मला तसं वाटलं नाही. कळा देणारी बाई अशी मधेच गप्प होत नाही. पोटाचा कडक गोळा माझ्या हाताखाली मऊ पडला. आणि बाजूला, कातडीच्या लगेच खाली, बाळाचा पाय लागला. इतका वरवर पाय कधी लागत नाही. मध्ये गर्भपिशवीची भिंत असते. ती नव्हती.

"मॅडम, कळा थांबल्या," सिस्टर म्हणाली. ती पोरगी विशीतली होती. मग यंत्र पोटावर इकडून तिकडे फिरवत म्हणाली, "मॅडम, बाळाचे ठोके मिळत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोनला दहा कमी होते. नंतर काजलकडे बघितलं.

मी अजून स्टुलावरच होते. कोणी उतर म्हणालं नव्हतं.

शहाडला, रस्त्याच्या कडेला, खाली दुकानं आणि वर दवाखाना अशी ती इमारत. तिथे मी बावीस वर्षं आया होते. बेडपॅन धुतले, रक्ताच्या चादरी पिळल्या, एनिमा दिले, बायकांचं शेव्हिंग केलं. पण माझं खरं काम वेगळं होतं. मी दाबणारी मावशी होते. अशी एक मावशी पुष्कळ ठिकाणी असते. बाळ खाली येऊन अडकलं, बाई दमली, किंवा डॉक्टरांना उशीर होत असला की तिला हाक मारतात. ती स्टुलावर चढते आणि वरून कोपराने बाळ खाली ढकलते. हे काम कुठेही लिहिलेलं नसतं. फाइलीत लिहितात, नॉर्मल.

माझा कोपर एकदाही फाइलीत लिहिला गेला नाही.

आमचा दवाखाना नॉर्मलसाठी प्रसिद्ध होता. दिवा, टिटवाळा, कुठून कुठून बायका यायच्या. तिथे पोट फाडत नाहीत, असं एक बाई दुसरीला सांगायची. ते खरं होतं. फाडत नव्हतो. दाबत होतो.

मला त्याचा माज होता, हेही सांगते. डॉक्टरीणबाई कधी खुशीत असल्या की म्हणायच्या, "आमच्या मावशीचा हात म्हणजे चिमटा." चिमटा म्हणजे बाळ ओढायचं हत्यार. मला ते कौतुक वाटायचं. त्याच बाई मला वेगळ्या कपात चहा द्यायच्या. "आंघोळ करून येत जा, मासळीचा वास येतो," असं पेशंटसमोर बोलायच्या. मी आंघोळ करूनच यायचे. तरी दुसऱ्या दिवशी दोनदा करून गेले. बावीस वर्षं मी अंगाला वास येतो का ते बघत राहिले. हात काय करतोय ते बघितलं नाही.

आम्ही कोळी. डोंबिवलीच्या खाडीकाठचे. माझा नवरा होडी चालवायचा. कारखान्यांचं पाणी खाडीत आलं, मासळी गेली, मग नवराही गेला. मासळीच्या पाट्या वाहून वाहून माझ्या खांद्यात बळ होतं. ते बघूनच डॉक्टरीणबाईंनी मला ठेवलं. पहिल्या दिवशी माझा दंड दाबून बघितला होता. बाजारात बैल बघतात तसा.

माझी आई गावातली सुईण होती. तिच्याबरोबर मी लहानपणी जायचे, पाणी तापवायचे. आई बाईच्या पाठीमागे बसायची, तिला छातीशी धरायची. पोटाला तेल लावायची. दाबायची नाही. म्हणायची, "वरशी दाबशील तं आतशी फाटंल." तिचे गोडवे मी गाणार नाही. तिच्या हातून बाया मेल्यात. एकदा एकीचं रक्त थांबेना. तिला होडीत घालून नेईपर्यंत होडीच्या तळाला पाणी असतं तसं रक्त साचलं होतं. म्हणून दवाखाना हवा, हे मला तेव्हाच कळलं होतं. दवाखाना वाईट नाही. पण आईला जे अंगठाछाप असून माहीत होतं ते मला चौथी शिकून माहीत असताना मी दाबत राहिले.

माहीत होतं, हे कशावरून म्हणते? माझी लेक त्याच दवाखान्यात बाळंत झाली. बाळ अडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, घे स्टूल." मी म्हटलं, "थांबू या जरा." त्यांनी डोळे मोठे केले. मी लेकीला कुशीवर वळवलं, पाणी पाजलं, तिची कंबर चोळत बसले. तासाभराने आपोआप झालं. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर मी पुन्हा चढले.

तेव्हा कोणी मला सांगू नये की अडाणी होती, तिला काय कळतंय.

काजलची तयारी सकाळी मीच केली. शेव्हिंग करताना खाली आडवी रेघ दिसली. पहिलं बाळंतपण कोकणात, तालुक्याच्या दवाखान्यात, पोट फाडून झालेलं. दोन वर्षंही झाली नव्हती. रेघेवर हात लागला की ती दचकायची.

तिची सासू बाहेर बाकावर बसली होती. साधी बाई, कोपराला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, काय पण करा, नॉर्मल करा. गेल्या टायमाला फाडलं तर सहा महिने हिला हंडा उचलता आला नाही. आमच्याकडे टँकर आला की दोन जिने हंडे चढवायला लागतात. मी एकटी कुठवर?"

"कालपर्यंत चढवत होती?" मी विचारलं.

"मग? कोण चढवणार?" ती म्हणाली.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "हिचं आधी शिवलेलं आहे. टाक्यावर दुखतं म्हणते."

"माहितीये मला. फाइल बघितलीय. ट्रायल देतोय, नॉर्मल होतंय का बघायला."

"मग हिला दाबायचं का?"

"तू डॉक्टर की मी?"

भूलवाले डॉक्टर संध्याकाळी सहाला येणार होते. डॉक्टरीणबाईंना अडीचला निघायचं होतं. वर्तकनगरला त्यांचा दुसरा दवाखाना, तिथे बायका खोळंबून बसतात. सलाईनमध्ये कळांचं औषध सोडलेलं होतं. बाराला वाढवलं. एकला पुन्हा वाढवलं. दीडला मला हाक आली, "मावशी, स्टूल."

मी एकदा रेघेकडे बघितलं. एकदा बाईंकडे. आणि चढले.

मग काय झालं ते सांगितलंच.

रक्त खालून फार नव्हतं. ते आत जात होतं. काजलचे ओठ पांढरे पडले. सिस्टर नाडी धरून रडायला लागली. डॉक्टरीणबाई फोनवर फोन करत होत्या. भूलवाले उचलत नव्हते. शेवटी त्यांनी ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी तिचे पाय वर धरून उभी होते. तिची शुद्ध येत होती, जात होती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "झालं का, मावशी?" मी म्हटलं, "झालं." खोटं बोलले.

स्ट्रेचर बाहेर काढलं तसा सगळा गोंधळ उडाला. नवरा तेवढ्यात कामावरून आला होता. दवाखान्याच्या पायरीवरून त्याने तिचा चेहरा बघितला. "काय केलंत? सकाळी चालत आली होती ती. काय केलंत?"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. पांढरा कोट स्वच्छ होता. त्यांनी मला दंडाला धरून पुढे ढकललं. त्याच दंडाला.

"हिला विचारा. मी बाहेर फोनवर होते. या अडाणी बाईने आपल्या मनाने पोट दाबलं."

नवऱ्याने माझे केस धरले.

पहिला फटका तोंडावर बसला. समोरचा दात तुटला, तो जिभेवर आला. दुसऱ्या फटक्याला मी खाली पडले. मग लाथा. कुशीत, पाठीत. बाकावरच्या बायका पोटावर हात धरून भिंतीला चिकटल्या. कोणी सोडवायला आलं नाही. सासू ओरडत होती, "मार. मार रांडेला. माझ्या पोरीला मारलं हिने." डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि केबिनच्या काचेतून बघत राहिल्या. मी खालून त्यांना बघत होते. त्या पडदा ओढायलासुद्धा विसरल्या होत्या.

मी हात आडवा धरला नाही. ओरडले नाही. मला वाटत होतं, बरोबर आहे. दाबलं मीच. मला आणखी मारायला पाहिजे.

अँब्युलन्सवाल्याने हॉर्न मारला तेव्हा तो थांबला. सासू आणि तो गाडीत बसून गेले. मी फरशीवर बसून राहिले. दात थुंकला. वाटलं, संपलं.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. त्या वर्तकनगरला गेल्या नव्हत्या. खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळाली. सिस्टरला सांगून चहा दिला. साध्या कपात. त्यांच्याच.

"खूप लागलं का, मावशी?"

मी चहा टेबलावर ठेवला.

"हे बघ. तुला काही होणार नाही. तू साधी बाई. अडाणी म्हणून सोडून देतील. माझं लायसन्स गेलं तर या भागातल्या बायकांनी जायचं कुठे? विचार कर. मी तुला इतकी वर्षं सांभाळलं की नाही?"

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. इंग्रजी. खाली पेन्सिलीने फुली केलेली, सहीसाठी.

"काय लिहिलंय?"

"तुला काय करायचंय? फॉर्मॅलिटी आहे."

"मराठीत लिहा. मला वाचता येतं."

त्या हसल्या. खरंच हसल्या. "कधीपासून?"

"चौथीपासून."

सिस्टरने मराठीत उतरवलं. अक्षरं वाकडी आली. मी कागद खिडकीकडे नेला. मला मनात वाचता येत नाही, मोठ्यानेच वाचावं लागतं. एकेक शब्द धरून वाचलं. मी, अमुक अमुक, आया, पेशंटच्या नातेवाइकांच्या आग्रहावरून, डॉक्टर खोलीत नसताना, स्वतःच्या मनाने, पेशंटच्या पोटावर दाब दिला.

तिथे मी थांबले.

बावीस वर्षं मी स्टुलावर चढत होते. हजार वेळा चढले असेन. त्या सगळ्या वेळी कागदावर मी नव्हते. बाळ नीट आलं तेव्हा नव्हते. पेढे वाटले तेव्हा नव्हते. आज पहिल्यांदा माझा हात कागदावर येत होता, आणि तो फक्त माझा म्हणून येत होता. कोणी सांगितलं नाही, कोणी खाली बसलेलं नाही, कोणी घड्याळ बघितलेलं नाही. स्टूल हवेत आलं, मी हवेत चढले.

काजलच्या नवऱ्याने मारलं तेव्हा मी गप्प बसले. कारण त्याची बायको होती. बाईंचं काय होतं?

"'स्वतःच्या मनाने' हे खोडा," मी म्हटलं. "'डॉक्टर नसताना' हेही खोडा. लिहा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दाबलं. लिहा, टाके आहेत हे मी आधी सांगितलं होतं."

"मावशी, डोकं फिरलंय तुझं."

"लिहा."

त्या उठल्या आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. जिथे दात तुटला होता, त्याच बाजूला. "माजलीस? मासळीच्या घाणीतून उचलून आणली तुला—"

दुसरा हात उचलला तो मी हवेत धरला.

नुसता धरला. बाकी काही केलं नाही. पण ज्या हाताने मी पोरं ढकलली तो हात होता. त्यांना सोडवता येईना. त्या ओढत होत्या, पिळत होत्या. मी तिथेच उभी. त्यांचं मनगट माझ्या मुठीत पांढरं पडलं, मग निळसर. घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

"सोड. सोड गं. दुखतंय."

"तीपण हेच म्हणत होती," मी म्हटलं.

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. "तू होतीस ना आत?" तिने मान खाली घातली. विशीतली पोर. तिचा सहा महिन्यांचा पगार आणि सर्टिफिकेट बाईंच्या कपाटात. मी तिला पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवशी तिने तोंड उघडलं नाही हे मी विसरलेही नाही.

मी हात सोडला. कागद उलटा केला आणि मागे लिहिलं. मला लिहायला वेळ लागतो. कोणी अडवलं नाही. बाई मनगट चोळत खुर्चीत बसल्या होत्या. मी लिहिलं, काजल हिच्या पोटावर मी दाबलं. डॉक्टरबाई समोर बसून जोर लाव म्हणाल्या. आधीचे टाके मी दाखवले होते. मी बावीस वर्षं असंच दाबते आहे. खाली सही केली. पूर्ण नाव, वडलांचं, गावचं. कागदाची घडी चोळीत घातली.

"पोलीस तुलाच आधी पकडतील," बाई म्हणाल्या.

"पकडू देत," मी म्हटलं. "मी होतेच तिथे."

पुढचं आधी सांगून टाकते. केस उभी राहिली. पाच वर्षं झाली, अजून चालू आहे. आरोपींत माझंही नाव आहे. त्यांच्या बाजूचे वकील उलटतपासात म्हणाले, "आजी, तुम्ही डॉक्टर आहात का? पिशवी फाटली हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "तुमच्या आईला विचारा, तुम्ही आलात तेव्हा कोण दाबत होतं." न्यायाधीशांनी मला ओरडून गप्प केलं. ते कागदावर आलं की नाही माहीत नाही. माझ्या लेकीच्या सासरी म्हणतात, म्हातारीने स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवलं. हो. माझ्याच हाताने.

मी आता दिव्यात एका चाळीत भाड्याने राहते. आजूबाजूला पोटुशा बाया पुष्कळ. कोणाचं माणूस लांब, कोणाची सासू गावाला. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईबरोबर एक बाई आत ठेवता येते, असा नियम आहे. नियम भिंतीवर लावलेला असतो आणि दारातला माणूस तुम्हाला बाहेर काढत असतो. मी त्याला भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचून दाखवते, एकेक शब्द. तो कंटाळतो आणि सोडतो. मी बाईच्या डोक्याशी उभी राहते.

मागच्या थंडीत एका ठिकाणी आया पुढे आली. तगडी होती, माझ्यासारखीच. तिने कोपर ठेवला. मी तिचं मनगट धरलं.

"बाई, हात उचल."

"मॅडमनी सांगितलंय, आजी. तुम्ही मधे येऊ नका."

"मलाही सांगितलं होतं. हात उचल."

तिने मॅडमकडे बघितलं. मॅडमने माझ्याकडे. तरुण होती ती डॉक्टर. "आजी, बाहेर जा," म्हणाली. मी गेले नाही. म्हटलं, "बाहेर काढा, पण मी ओरडत जाईन, आणि काय ओरडेन ते बाहेरच्या सगळ्या बायका ऐकतील." आयाने हात काढला. माझ्याकडे अशी बघत होती की जशी मी तिची भाकरीच घेतली. तिच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं. मला तिची दया आली नाही. मला कोणी त्या वयात मनगट धरून थांबवलं असतं, तर बरं झालं असतं.

चाळीतल्या सासवांना मी सरळ सांगते. आधी पोट फाडलेलं असेल तर ते लपवायचं नाही, पहिलं तोंडातून तेच काढायचं. नॉर्मलच करा, अशी भीक मागायची नाही. कोणी स्टूल आणलं तर हात पकडायचा. हंडा उचलता येत नाही सहा महिने, तर सहा महिने तुम्ही उचला, पोराला उचलायला लावा. त्या तोंड वाकडं करतात. "म्हातारी खडूस आहे," म्हणतात. असू दे.

पण त्या दिवसाचं अजून राहिलंय.

शहाडहून मी कल्याणला आले आणि ठाण्याची बस धरली. तोंड सुजलं होतं. शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला, जागा बदलली. मोठ्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर, ऑपरेशनच्या दाराबाहेर, ते दोघं होते. नवरा भिंतीशी उकिडवा बसलेला. दंडावर कापूस चिकटवलेला, रक्त देऊन आलेला. मला बघून उठला. मुठी आवळल्या.

"थांब," मी म्हटलं. "मारायचं तर मार. पण आधी हा कागद घे."

त्याने घेतला नाही. सासूने घेतला. तिला वाचता येत नव्हतं. मग त्याने तिच्या हातातून ओढून घेऊन वाचला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा आईसाठी मोठ्याने. "आधीचे टाके मी दाखवले होते," ही ओळ त्याने पुन्हा वाचली.

"म्हणजे तुला माहीत होतं," सासू म्हणाली.

"हो."

"तरी चढलीस."

"हो."

ती जवळ आली आणि माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही. मग तिने कागद पोराकडून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पोळीच्या डब्याखाली ठेवला. बाकावर बसली. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "नॉर्मल करा, मीच म्हटलं होतं."

तिच्या पोराने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मी तिला सोडवायला काही बोलले नाही. ते तिचं तिने वाहायचं. माझं मी.

"कोर्टात बोलशील हे?" त्याने मला विचारलं. "का फक्त कागद?"

"बोलेन."

"बाईंसमोर?"

"त्यांच्या तोंडावर. जोवर जीभ आहे तोवर. दर तारखेला. आणि आधी माझं नाव घेईन, मग त्यांचं."

त्याने मला बस म्हटलं नाही. मी समोरच्या भिंतीशी फरशीवर बसले. मला कोणी हाकललं नाही, कोणी पाणी विचारलं नाही.

दार उघडलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. डॉक्टर तरुण होते, बुटांवर रक्त होतं. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. मी बसल्या जागेवरून ऐकलं. ते कुठेच गोल गोल बोलले नाहीत, त्यासाठी मी त्यांना मानते.

पिशवी काढावी लागली. काजल जगली.

मुलगी होती. ती जगली नाही.

मी जगले.